क

"पत्ता सांगा," फोनवरचा माणूस दुसऱ्यांदा म्हणाला.

कासार गल्ली. एवढंच सांगायचं होतं, आणि ते हेमलताच्या घशात अडकलं होतं. तिच्या पायाशी, स्वयंपाकघराच्या फरशीवर सासूबाई छाती दाबून पडल्या होत्या. ॲम्ब्युलन्स कुठे पाठवायची, ते फोनवरच्या माणसाला कळत नव्हतं.

क.

क.

चाळीस गुरुवार तिने हेच केलं होतं. दर गुरुवारी एका अनोळखी दुकानात फोन लावायचा आणि 'क'ने सुरू होणारी एक वस्तू आहे का, ते विचारायचं. कापूर. कंगवा. कात. बरेच दुकानदार वाट न बघता फोन ठेवायचे. सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकायच्या. "घ्यायचं काही नाही, नुसता लोकांचा वेळ खायचा. अडखळणं असं जातं होय गं?"

गेलं नव्हतंच. शब्द अडकला की घाबरून फोन ठेवून द्यायची तिची सवय तेवढी गेली होती.

"हॅलो? आहात ना?"

तिने सगळा श्वास सोडला, पुन्हा घेतला आणि शब्द हलकेच लांबवत सुरू केला.

"क… का… कासार गल्ली. दत्तमंदिराच्या मागे. पहिला मजला."

"गाडी निघाली. पेशंटचं नाव?"

कुमुदिनी. पुन्हा क. तिचा जबडा आवळला.

सासूबाईंची गार बोटं तिच्या पावलाला लागली.

"सावकाश सांग," त्या पुटपुटल्या. "मी थांबते."