तबकातला हार

मध्यंतराचा गजर संपला आणि हार आलाच नाही.

मुकुंद नारदाच्या गादीवर उभा होता. आयुष्यातलं पहिलं कीर्तन. पूर्वरंग झाला होता, उत्तररंग बाकी होता. रीत अशी, की मध्यंतरात यजमानानं यावं, कीर्तनकाराला बुक्का लावावा, हार घालावा आणि पायाला हात लावावा. वय बघायचं नाही, मान बघायचा नाही. गादीवर उभा तो नारद. मगच पुढचं आख्यान.

यजमान होते देवळाचे विश्वस्त रमाकांत. तबक त्यांच्या हातात होतं, पण ते दाराशी उभे राहून कुणाची तरी कुजबुज ऐकत होते. पेटीवर बसलेली मुकुंदची बायको सुनंदा त्याच्या तोंडाकडे पाहत सूर धरून होती.

शेवटी रमाकांत आले. हार मात्र उचलला नाही.

"मुकुंदभाई," ते दबल्या आवाजात म्हणाले, "तुमच्यावर पीधेलोची केस झाली होती? पिऊन सापडल्याची?"

"झाली होती. बारा वर्षं झाली. लहरीपुऱ्याच्या दरवाज्याखाली पिऊन पडलो होतो. पोलिसांनी उचललं."

"आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही गळा तपासलात, पाठांतर तपासलंत. हे विचारलंच नाहीत."

"आणि आता?"

"सात वर्षं थेंब नाही."

रमाकांतांची नजर त्याच्या उजव्या हाताकडे गेली. हात उपरण्याखाली होता आणि तिथून चिपळ्यांची बारीक किणकिण येत होती. दारू गेली, कंप राहिला. तो आता जायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. गाताना कळायचा नाही. बोलताना मुकुंद हात झाकून घ्यायचा.

"लोक विचारतायत, पीधेलोच्या पाया पडायचं कसं," रमाकांत म्हणाले. "तमाशा नको. तब्येत बिघडली म्हणा आणि उतरा. पुढचा वेळ मी भजनात काढतो."

तब्येत बिघडली. मुकुंदला हसू आलं. रेल्वेच्या कारखान्यात असताना तो दर सोमवारी हेच सांगायचा. साहेबांनाही ते पाठ झालं होतं. आज पुन्हा तेच सांगून उतरलं, तर या गादीवर परत चढणं नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

त्यानं सुनंदाकडे पाहिलं. ती पेटीवरचा हात न काढता म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? मी तर तेव्हाही उठून गेले नव्हते."

मुकुंद माइककडे वळला.

"मंडळी, हार का थांबलाय ते सांगतो. दारूबंदीच्या राज्यात मी पिऊन सापडलेला माणूस आहे. कोठडीत रात्र काढली आहे. ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना आता ठाऊक झालं."

पुढच्या रांगेतल्या मथुराबाईंची जपमाळ थांबली.

"त्याला मात्र पहिल्यापासून ठाऊक होतं." मुकुंदनं गाभाऱ्याकडे मान केली. "तरी त्यानं मला इथं उभं केलं. का केलं, मी विचारलं नाही. आपण सांगकामे. निवड चुकली असेल तर ती त्याची. तक्रार तिकडे करा, मूर्ती समोरच आहे."

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"अहो, पण हाराशिवाय उत्तररंग होत नाही," रमाकांत म्हणाले. त्यांचा आवाजही आता माइकवर गेला.

"मग घाला. नाहीतर धरून उभे राहा. मी उतरत नाही."

रमाकांत हलले नाहीत. तबकातल्या हाराचं पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं.

"पट्टी तीच ना?" सुनंदानं विचारलं.

"तीच."

मुकुंदनं उपरणं बाजूला केलं आणि उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला. तो थरथरत होता. सुनंदाची बोटं अजून उत्तररंगाच्या पहिल्या सुरावर टेकायची होती, आणि चिपळ्या वाजत होत्या.