खडूच्या खोक्याचा पुठ्ठा

शेवटचा तास सुरू होता आणि चौथीच्या बाई खुर्चीतून उठायला तयार नव्हत्या. एरवी त्या बाकांमधून फिरत शिकवायच्या. या आठवड्यात मात्र त्यांनी टेबलामागेच ठाण मांडलं होतं. थकल्या असतील, असं मुलांनी धरून टाकलं. थकल्या होत्याच, त्यात खोटं काही नव्हतं.

हातात गोष्टीचं पुस्तक होतं. नव्वदेक वर्षांपूर्वीची मंदी, बंद पडलेले कारखाने आणि एक घर. त्या घरातला बाप रोज सकाळी डबा घेऊन कामाला म्हणून निघतो आणि दिवसभर बागेत बसून परत येतो. आईला नेमकी जेवायच्या वेळी भूक नसते. मुलगा बुटात पुठ्ठा घालतो. हे घर अडचणीत आहे असं लेखिका कुठेच म्हणत नाही. ती नुसत्या खुणा ठेवत जाते. त्या शोधायचा खेळ बाईंनी शिकवला आणि मुलं हात धुऊन त्याच्या मागे लागली. आठ दिवसांत पुस्तकातली एकही खूण शिल्लक राहिली नाही.

आज वकीलबाईंचा हात वर होता. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. ही पोरगी भिंतीवरच्या घड्याळाशीसुद्धा वाद घालायची.

"बाई, पुस्तकातल्या संपल्या. पण आपल्या वर्गात पण खुणा आहेत. मी तीन शोधल्यात."

बंद पंखा, तुटकी खिडकी असलं काहीतरी निघेल, असं बाईंना वाटलं. सांग म्हणाल्या, आणि तिथेच चुकल्या.

वकीलबाईंनी बोटांवर मोजायला घेतलं. "एक, मधल्या सुट्टीत डबा उघडत नाही, भूक नाही म्हणते. दोन, बाबा कामाला जातात म्हणते, पण मी त्यांना दोनदा बसस्टॉपवर नुसतं बसलेलं बघितलं. बस आली तरी ते चढले नाहीत."

तिनं नाव घेतलं नव्हतं. गरजही नव्हती. पहिल्या बोटालाच सगळ्या माना खिडकीजवळच्या बाकाकडे वळल्या होत्या. तिथली मुलगी वहीत डोकं खुपसून बसली होती, आणि तिसऱ्या बोटाची चाहूल लागताच तिनं पाय बाकाखाली आत ओढून घेतले.

वकीलबाईंच्या चेहऱ्यावर खोडसाळपणा अजिबात नव्हता. गणित सुटल्याचा आनंद होता. उत्तर बरोबर होतं आणि रीत बाईंनीच शिकवलेली होती. रागावलं तर खूण पक्की होणार, गप्प बसलं तरी होणार, आणि त्या पोरीला उद्यापासून शाळेत तोंड दाखवणं मुश्कील होणार.

"चूक," बाई म्हणाल्या. "सगळ्यात मोठी खूण तुला दिसलीच नाही. आठ दिवस तुमच्या डोळ्यांसमोर आहे. मी खुर्चीतून का उठत नाही, सांगा बघू."

कुणीतरी म्हणालं पाय दुखतो. कुणी म्हणालं कंटाळा येतो. बाईंनी खाली वाकून उजवा बूट काढला आणि टेबलावर उलटा ठेवला. ही गोष्ट त्यांनी सख्ख्या बहिणीलाही कळू दिली नव्हती. तळाला अंगठा जाईल एवढं भोक होतं, आतून पुठ्ठा लावलेला होता आणि त्यावरची अक्षरं वाचता येत होती: पांढरे खडू, शंभर नग.

मग मागच्या बाकावरून एक हसू फुटलं आणि सगळा वर्ग हसत सुटला. वकीलबाई तर पळत टेबलापाशी आल्या.

"बाई, तुम्ही शाळेचा पुठ्ठा घेतला?"

रिकाम्या खोक्याचा होता, बाईंनी खुलासा केला. हसू येत नव्हतं, तरी हसल्या. उद्या मधल्या सुट्टीच्या आत हे शिक्षकांच्या खोलीत पोचणार आणि मुख्याध्यापकांपर्यंत जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कान तापले होते. पण खिडकीकडे आता कुणीच बघत नव्हतं.

घंटा झाली. वर्ग रिकामा झाला. बाई बूट घालायला वाकल्या तर टेबलाशी कुणीतरी उभं होतं. खिडकीजवळची मुलगी, पाठीवर दप्तर. ती बाईंकडे बघतच नव्हती, बुटाकडे बघत होती.

"नुसता पुठ्ठा नका घालू, बाई," ती हळूच म्हणाली. "ओला झाला की लगदा होतो. आधी दुधाची पिशवी घालायची, मग पुठ्ठा."

आणि बाईंना नीट कळावं म्हणून तिनं स्वतःचा बूट काढून दाखवला.