जिलबीपुढची परीक्षा

सोलापुरातल्या शिबिरात पहाटे मैदानभर पळून आलेल्या कॅडेट पोरींपुढे नवनाथसरांनी गरमागरम जिलबीची ताटं मांडली. “अंग कमावलंत, आता मन बघू. शिट्टीआधी जी जिलबीला हात लावेल किंवा बोलेल, ती दिल्लीला जाणाऱ्या संघातून बाद!”

एकेक करत पोरी गळाल्या. उरल्या दोघी-तिघी. त्यातल्या सिद्धेश्वरीचा दिल्लीवर फार जीव. ती दगडासारखी बसून राहिली.

त्यांना चाळवायला सरांनी एक जिलबी उचलली. “लई कुरकुरीत हाय की!” म्हणत बोलण्याच्या नादात ती तोंडाशीच नेली.

सिद्धेश्वरीला एकदम आठवलं. आज सरांचा श्रावणी सोमवार. सकाळीच त्यांनी पोह्यांना लांबूनच हात जोडले होते. गप्प राहावं तर त्यांचं व्रत मोडतंय, बोलावं तर दिल्ली जातीय.

“सर, उपास हाय तुमचा!” ती ओरडलीच.

जिलबी ओठांपाशीच थांबली. सिद्धेश्वरी डोळे पुसत उठू लागली.

“बस गं खाली,” सर स्वतःचे कान पकडत हसले.



“शिट्टीआधी जिलबीला हात लावून तुझ्याआधी मीच बाद झालो, पोरी. परीक्षा तितंच संपली, तू बोललीस ती नंतर!”