पाहुण्यांची खुर्ची

कॉलेजात 'विकासाचं मानवशास्त्र' या विषयाच्या तासाला मॅडम एक खुर्ची मोकळी ठेवत. "ज्यांच्याबद्दल आपण वाद घालतो, ती माणसं इथे कधीच नसतात. ही त्यांची जागा." "पाहुण्यांनी आजही दांडी मारली," मागून कुणीतरी पुटपुटलं. आज धरणांवर वाद होता. बाजू चिठ्ठ्या काढून ठरल्या आणि एका विद्यार्थिनीची चिठ्ठी धरणाच्या बाजूची निघाली. ती बोलायला उभी राहिली, तर त्या खुर्चीवर तिचे वारलेले वडील. धरणात गाव गेल्यावर सरकारी ऑफिसांत बसायचे तसेच, कडेला टेकलेले, पिशवी मांडीवर. "बोल ना," मॅडम म्हणाल्या. ती बोलली. मूठभर गावं बुडतात, पण अख्खी शहरं पाणी पितात. रडगाण्यांवर धोरणं ठरत नाहीत. मुद्दे बिनतोड होते. वर्गाने टाळ्या वाजवल्या. वडिलांनी पिशवी खाली ठेवली. "चारचौघांत बोलायला शीक," एवढंच ते तिला सांगायचे. वर्ग शांत झाला, तरी त्यांच्या टाळ्या थांबेनात.