मुंगसामागची खिडकी

घरामागच्या परसात पहाटेपासून दबा धरून फोटो काढायची नीलम, आणि इंदिरा नगरच्या निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर ते स्वतःच्या नावावर खपवायचा तिचा नवरा धनंजय. तिनं हटकलं की म्हणायचा, "अगं, तुझं-माझं वेगळं आहे का?"

आज मुंगूस सापडलं. धनंजयचा चष्मा मात्र सापडेना, म्हणून फोटोखालचा मजकूरही त्यानं तिलाच लिहायला लावला: "दोन तास श्वास रोखून बसलो, तेव्हा कुठे हा फोटो मिळाला."

मिनिटभरात उत्तरं धडाधड आली.

"काय म्हणतायत गं? वाच की!"

नीलमनं वाचलं, "सर, पीछे खिड़की में जो मुँह खोलकर सो रहे हैं, वो आप ही हैं ना?"

मग तांदळाच्या डब्यातून चष्मा काढून तिनं त्याच्या हातात ठेवला. "पुढचं तुमचं तुम्ही वाचा."