पीचच्या बागेतला कालवा

“हा खड्डा आजच्या आज बुजला पाहिजे!” एर्सिलिया बांधावरून ओरडली.

खाली चिखलात उभ्या असलेल्या कोर्रादोने वर पाहिलं. पाऊस त्याच्या टोपीवरून निथळत होता. “बाई, खड्डा नाही हा. कालवा आहे. रोमन लोकांचा.”

“असेल. गाव बुडवायला रोमन लोक येणार नाहीत. ही नदी येणार आहे.”

इटलीच्या रोमान्या प्रांतातल्या त्या सखल गावात नदीच्या बांधावर नजर ठेवायचं काम एर्सिलियाकडे होतं. पाणी बांधाच्या काठाला लागलं होतं. आणि नेमकं तिथेच, बांधाच्या पायथ्यापासून, पुरातत्त्वज्ञ कोर्रादोच्या माणसांनी वसंतभर उत्खनन केलं होतं. पीचच्या बागांमधून थेट दलदलीकडे जाणारा, दोन हजार वर्षं मातीखाली गाडलेला कालवा त्यांनी उघडा केला होता. आता बांध फुटला तर पाणी तिथूनच गावात शिरणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

“एकदा खाली तर या,” कोर्रादो म्हणाला. “मग बुजवा.”

ती उतरली, पण तणतणतच. कडेला ओकच्या फळ्या उभ्या होत्या, काळ्या पडलेल्या, पण अजून कणखर. कोर्रादोने तिचा हात एका फळीवर टेकवला. कुऱ्हाडीचे घाव बोटांना लागले, एकाशेजारी एक, सुतार नुकताच जेवायला घरी गेला असावा इतके ताजे. चर्चमध्ये शिरताना करायची तसा एर्सिलियाने डोक्यावरचा रुमाल नकळत सारखा केला.

“कोण होती रे ही माणसं?”

“याच चिखलात राबणारी. तुमच्या-माझ्यासारखी.”

तिने पुढच्या फळीवरूनही हात फिरवला. मग म्हणाली, “सुंदर आहे. पण बुजवायचा.”

माती लोटायचं यंत्र तिचा मुलगा नेव्हियो चालवायचा. कोर्रादो यंत्राच्या पायरीवर चढला आणि नेव्हियोच्या कानाशी काहीतरी बोलत राहिला. नेव्हियोने मान खाली घातली.

“नेव्हियो, ऐकतोयस ना?” एर्सिलियाने हाक दिली.

“ऐकतोय, आई.”

“त्याचं नाही, माझं ऐक!”

कोर्रादो मुकाट्याने तिच्यासोबत निघाला. फारच सहज निघाला, असं तिला वाटलं. टेकाडावरच्या चर्चमध्ये ती म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना पोचवत होती, तोवर यंत्राची घरघर पावसातून येत होती. मग ती ऐकू येईनाशी झाली. एर्सिलिया मनात चरफडली. त्या कोर्रादोचं ऐकून काम अर्ध्यावर सोडलं असणार. पोरगा हळवा. कोंबडी कापायची तर शेजाऱ्याला बोलवायचा.

दुपार कलली आणि बांध फुटला.

तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. घंटेच्या मनोऱ्यातून तिने पाहिलं. मातकट पाण्याची भिंत गावाच्या दिशेने उठली होती. पाद्रीबाबांची प्रार्थना अर्ध्यावर थांबली.

आणि पाणी वळलं.

पीचच्या बागांमधून, दोरी लावून आखावं तसं सरळ, ते दलदलीकडे धावत सुटलं. गावाची छपरं बाजूला जिथल्या तिथे राहिली. आपल्याला कुठे जायचंय हे पाण्याला पाठ असावं, असं ते चाललं होतं. पाव भाजणाऱ्या सेकोन्दोने टोपी काढून छातीशी धरली. एर्सिलियाला बोटांखाली पुन्हा ते घाव जाणवले आणि तिचे डोळे भरून आले.

नेव्हियो चिखलाने माखलेला, धापा टाकत पायऱ्या चढून आला. कोर्रादोने त्याला कडकडून मिठी मारली. तो रडत होता आणि हसतही होता. “फळ्या गेल्या! माझं सगळं वाहून गेलं! पण पाहिलंत ना? दोन हजार वर्षांनी चालला!”

“शाब्बास रे पठ्ठ्या!” सेकोन्दोने नेव्हियोच्या पाठीत धपाटा घातला. “आईचं ऐकलं असतंस तर मेलो असतो सगळे!”

एर्सिलियाने मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “चुकलं माझं, बाळा. बरं झालं, तू तो उघडा ठेवलास.”

नेव्हियो तिच्या खांद्यावरून त्या सरळ धावणाऱ्या पाण्याकडे पाहत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“आई,” तो हळूच म्हणाला, “मी तर तो पुरता बुजवून, वरून माती दाबून आलो होतो.”