पाच इंची जोडी

"ही जोडी घेऊ. गोड वाजते," हे म्हणाले.

दुकानदार काळसेकरांनी मान हलवली. "काका, घरी केलेलं रेकॉर्डिंग तपासायला गोड स्पीकर कामाचे नाहीत. ही पाच इंची जोडी ऐका. किंमत तीच, पण आहे तसं ऐकवते."

मी पेनड्राइव्ह दिला. त्यात गेल्या महिन्यातलं माझं गाणं होतं, पेटीवर नेहमीप्रमाणे हे. तीस वर्षं हेच साथ करतात. पण अलीकडे चार वर्षं माझी एकच तक्रार होती. मी वरच्या षड्जावर गेले की ह्यांची पेटी उगाच जोरात वाजते. साथ करणाऱ्याने मिरवू नये, असं मी त्यांना चारचौघांत सुनावलंही होतं.

पाच इंची जोडीवर गाणं सुरू झालं. आवाज आणि पेटी अगदी वेगवेगळी ऐकू येत होती. वरचा षड्ज आला. माझा स्वर थरथरला, खाली आला, आणि नेमकी त्याच क्षणी पेटी मोठी झाली. मी पुन्हा लावायला सांगितलं. जिथे माझा स्वर नीट लागला होता, तिथे पेटी जेमतेम ऐकू येत होती.

मी वळून पाहिलं. हे दुसऱ्या जोडीचं खोकं वाचत उभे होते.

"गोडच घेऊ गं," मान वर न करता म्हणाले.

"पाच इंची बांधून द्या," मी काळसेकरांना सांगितलं. मग ह्यांना म्हटलं, "उद्या वरच्या षड्जावर तुम्ही पेटी थांबवायची. माझा स्वर कुठे पडतो ते मला कळू दे."